फेरीबोटीची घंटा

१

खिडकीच्या कमानीत लोखंडी आकडा होता. आकड्याला घंटा नव्हती.

भाचीला ते सगळ्यांत शेवटी कळलं. ती सवयीने खिडकीकडे पाठ करून, पाहुण्यांकडे तोंड करून उभी होती. "आणि ही आपल्या बंदरातली सगळ्यांत बोलकी वस्तू," असं म्हणून तिने हात मागे केला. पाहुणे तिच्या हाताकडे बघत राहिले.

"कुठली?" कॅमेरावाल्या गृहस्थांनी विचारलं.

ती वळली. तिचा हात तसाच हवेत राहिला.

घोळक्याच्या मागे तिची आत्या उभी होती. नवे बूट चावत होते, म्हणून दाराशी टेकून. ती चार दिवसांसाठी भाचीकडे आली होती आणि भाची रोज पाहुण्यांना घडवते ती धक्क्याची सफर तिने हट्टाने आत्यालाही करायला लावली होती. आत्याने उभी हयात विमा कंपनीत काढली होती. गोदाम कसं जळलं, ट्रक कसा उलटला, हे लोक सांगत आणि ती ऐकून घेत असे. त्यामुळे रिकाम्या आकड्याकडे तिने एकदाच पाहिलं आणि नंतर ती आसपासच्या चेहऱ्यांकडे बघत राहिली.

धक्क्याच्या टोकाला असलेली ही दगडी इमारत पूर्वी बंदराची कचेरी होती, आता छोटंसं संग्रहालय. आत होकायंत्रं, दोर, पितळी दुर्बीण आणि ती घंटा. बऱ्याच वर्षांपूर्वी बंदराच्या तोंडाशी एक फेरीबोट बुडाली होती. पुष्कळ माणसं गेली, निम्म्यांची प्रेतंही मिळाली नाहीत. बोटीची म्हणून एवढी एकच वस्तू वर आली होती. दर वर्षी त्या दिवशी घरची माणसं यायची, घंटेला हात लावायची आणि जायची. उद्या राजधानीतल्या मोठ्या संग्रहालयाचे तज्ज्ञ तपासणीसाठी ती घेऊन जाणार होते.

इन्स्पेक्टर लवकर आला. मूळचा डोंगराकडचा, बदली होऊन नुकताच इथे लागलेला. त्याने खिडकीची दारं ढकलली. नुसती लोटलेली होती, आतली कडी काढलेली. चौकटीच्या जेमतेम हातभर खाली पाणी चुळूक चुळूक करत होतं.

"किल्ल्या कुणाकडे?"

"एक माझ्याकडे," भाची म्हणाली. "दुसरी सरांकडे."

सर म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख. त्यांना निरोप गेला होता.

दारासमोर तिकिटाची खिडकी होती. तिथली बाई स्वेटर विणत बसलेली असे, पण तिची नजर सुयांवर नसे. "सकाळी ही झाडझूड करायला आत गेली, बाहेर आली, कुलूप लावलं," तिने सांगितलं. "त्यानंतर आत्तापर्यंत या दारातून माणूस काय, मांजर गेलं नाही. मी डबाही इथेच खाल्ला."

इन्स्पेक्टरने भाचीकडे पाहिलं. "म्हणजे घंटा शेवटची पाहिली तुम्ही. आणि घंटेबरोबर एकट्या होतात त्याही तुम्हीच."

२

पाहुणे पांगले. भाची बाकावर बसली होती. "आत्या, मी नाही गं घेतली."

"माहीत आहे. पण मला माहीत असून काय उपयोग?"

इन्स्पेक्टरचा हिशेब सरळ होता. घंटा दोन हातांच्या कवेत मावणारी. हिने सकाळी ती आकड्यावरून काढली आणि दोराने खिडकीतून खाली सोडली. खाली लाँचवाला तयार असणार, कारण पाहुण्यांना फिरवणारी लाँच त्याचीच आणि दोघांचं रोजचं येणंजाणं.

लाँचवाल्याला बोलावलं तेव्हा तो वंगणाचे हात पुसत आला. हिशेब ऐकून आधी हसला, मग पोलिसासमोर हसू नये हे आठवून गप्प झाला.

"साहेब, सकाळी? त्या खिडकीखाली?"

"का? पाणी तर खिडकीला लागलंय."

"आत्ता लागलंय. सकाळी तिथे बदकसुद्धा बसलं नसतं."

"त्यांचं खरं आहे," आत्या म्हणाली. "मी बघितलंय."

सकाळी भाची आत फडकं मारत होती तेव्हा पाहुणे बाहेर कठड्याशी ताटकळत उभे होते. समोर बघण्यासारखं काय, तर ओहोटी. पाणी पार लांब गेलेलं. भिंतीच्या पायाशी काळा चिखल, ताटात थापलेल्या वडीसारखा सपाट. होड्या त्यात एका कुशीवर कलंडून पडलेल्या आणि त्यांचे दोर ढिले, वेटोळी घालून. एवढे लांब दोर कशाला, असं आत्यानेच विचारलं होतं. "पाणी चढतं-उतरतं ना, आत्या," कुलूप लावून आलेल्या भाचीने सांगितलं होतं. "आखूड बांधली तर ओहोटीत होडी टांगली जाईल." मग तिने पुढे बोट दाखवलं. संग्रहालयापलीकडे चारसहा घरं सोडून एक जुनं घर होतं, त्याच्या दगडी पायऱ्या थेट खाली उतरत होत्या. पायथ्याशी एक निळी होडी चिखलात पसरली होती. तिला दोराऐवजी साखळी आणि कुलूप. साखळी पायऱ्यांवर सैल लोळत होती. "ती सरांची. दोर कापून नेतात म्हणून त्यांनी साखळी केलीय. आपल्या होडीवर फार जीव त्यांचा."

कॅमेरावाले गृहस्थ अजून बाहेरच घुटमळत होते. त्यांनी सकाळचे फोटो दाखवले. भिंत, बंद खिडकी, खाली चिखल. त्यावर पाखराच्या पायाचाही ठसा नव्हता. फोटोही पुष्कळ होते, कारण गृहस्थांना चिखल आवडला होता.

इन्स्पेक्टरने ते सावकाश पाहिले. "ठीक. पण सकाळी घंटा होती हे तरी कोण सांगतंय? तुमची भाचीच ना?"

"मी सांगते की," तिकीटबाई आपल्या खिडकीतून म्हणाली. "फडकं लागलं की वाजते ती. रोज वाजते. आजही वाजली."

"म्हणजे गेली ती भरतीत," आत्या म्हणाली. "पाणी खिडकीपर्यंत आल्यावर. तेव्हा आम्ही सगळे लाँचमध्ये होतो, बंदराच्या तोंडाशी. माझी भाची समोर उभी राहून माहिती देत होती आणि हे सुकाणूवर होते."

इन्स्पेक्टरने खिडकीपाशी जाऊन आतली कडी वर केली, खाली केली.

"ही कडी बाहेरून निघते का, बाई?"

"नाही."

"मग ज्याने होडीतून हात घातला त्याच्यासाठी ती आतून कुणीतरी काढून ठेवली होती. आज या खोलीत एकच माणूस गेलंय." त्याने टोपी उचलली. "उद्या सकाळी भाचीला चौकीवर घेऊन या. पळून जाणार नाही एवढा विश्वास तुमच्यावर ठेवतो."

३

धक्क्याच्या मागच्या गल्लीत जुन्या वस्तूंचं दुकान होतं. जहाजांचे दिवे, चाकं, काचेचे गोळे. दुकानदार या घंटेच्या मागे लागला होता हे सगळ्या धक्क्याला ठाऊक होतं.

"आलात? मला वाटलंच, पहिलं बोट माझ्याकडे येणार," तो म्हणाला. त्याने आत्याला बसायला एका बोटीतून काढलेली खुर्ची दिली. "विचारा."

"घंटा तुम्हाला हवी होती?"

"विकत नको होती. विकणार कुणाला? तिच्यावर त्या बोटीचं नाव कोरलेलं, सगळं गाव ओळखतं. आणि मला चोरीच करायची असती तर शेजारची दुर्बीण सोडली असती का? ती खरी जुनी आहे."

"खरी म्हणजे?"

दुकानदाराने कपाळ चोळलं. "शब्दात पकडू नका. मला फक्त घंटेची आतली कड बघायची होती. प्रत्येक कारखाना ओतकामात आतून आपली खूण सोडतो. बोट कुठे बांधली ते माहीत आहे, तर खूण कुणाची असणार तेही माहीत आहे. मी सरांकडे तीनदा गेलो. टॉर्च घेऊन दोन मिनिटं बघतो म्हटलं. एवढा गोड माणूस, कधी कुणाला नाही म्हणणार नाही. पण मला म्हणाले, लोकांच्या भावना आहेत, त्यात टॉर्च कसले मारता."

"मग तुम्हाला काय वाटलं?"

"मला दुकान चालवायचंय, बाई. मी काही वाटून घेतलं नाही."

आत्या बाहेर पडली तेव्हा दुकानाच्या पायरीशी एक उंच, पांढऱ्या केसांची बाई उभी होती. निवृत्त नर्स. फेरीबोटीत तिचा नवरा गेला होता. बातमी तिच्यापर्यंत पोहोचली होती.

"तुमची भाची ना ती? चांगली मुलगी आहे," नर्सबाई म्हणाल्या. "पण तिने नेली असेल तर मी तिला सोडणार नाही. तुम्हाला आधीच सांगून ठेवते. माझी मुलगी तेव्हा पोटात होती. बाप म्हणून तिने त्या घंटेशिवाय दुसऱ्या कशाला हात लावलेला नाही."

आत्याने ते ऐकून घेतलं. असल्या वेळी बोलायचं नाही, हे नोकरीने शिकवलं होतं.

घरी परतल्यावर भाचीला तिने एकच प्रश्न विचारला. "रोज संध्याकाळी संग्रहालय बंद कोण करतं?"

"सर. उघडते मी, बंद करतात ते. का?"

"आणि सकाळी तू खिडकीची कडी बघतेस?"

"दारं लागलेली असली की झालं. कडी कशाला बघू?"

आत्याने चावणारे बूट काढून ठेवले आणि भाचीच्या चपला पायात सरकवल्या. "चल. सरांना भेटून येऊ."

४

उजेड उतरत होता. धक्क्यावरचे दिवे लागायचे होते. पाणी पुन्हा हटलेलं, भिंतीचे ओले दगड वरपर्यंत उघडे पडलेले.

सर ओटीवर आरामखुर्चीत होते. त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि गुडघ्यावर हात ठेवून पुन्हा बसले. दुपारी निरोप मिळूनही ते आले नव्हते, कारण गुडघा. त्यांचे डोळे सुजलेले होते. भाचीला पाहून त्यांना खरोखरच वाईट वाटलं, हे आत्याच्या लक्षात आलं.

"पोरीवर संशय घेतात म्हणजे कमाल आहे," ते म्हणाले. "मी उद्या स्वतः चौकीवर जातो. सांगतो त्यांना, ही माझ्या हाताखाली तयार झालीय. बसा ना. सूनबाई चहा टाकेल."

"चहा राहू दे. गुडघा कधीपासून?"

"जुनंच आहे. पण हा आठवडा फारच. घराबाहेर म्हणून संध्याकाळी संग्रहालय बंद करायला, तेवढाच जातो. काठी टेकत."

"आणि होडी? ही म्हणाली, होडीवर तुमचा फार जीव."

"होडी कुठली! आठवडा झाला, हात लावला नाही."

"दुसरं कुणी नेतं?"

"साखळी आहे ना. किल्ली माझ्या गळ्यात." त्यांनी सदऱ्याच्या आतून दोरा ओढून दाखवला. "मुलालाही देत नाही."

आत्या उठून ओटीच्या कठड्याशी गेली आणि खाली बघत उभी राहिली. थोड्या वेळाने भाचीही तिच्या शेजारी गेली. भाचीच्या तोंडून "अगं बाई," एवढंच निघालं.

पायऱ्यांच्या भिंतीवर निळी होडी नाकाने टांगलेली होती. साखळी ताठ झालेली. पुढचं टोक वर आभाळाकडे, मागचं टोक खाली चिखलात, आत एक वल्हं घसरून तिरकं अडकलेलं.

"सर, जरा इकडे येता का?"

सर आले नाहीत. ते खुर्चीतच बसून राहिले आणि त्यांचा हात दोऱ्यावरच राहिला.

५

"सकाळी ही होडी चिखलात सपाट पडली होती," आत्या म्हणाली. आवाज चढवायची तिची पद्धत नव्हती. "साखळी सैल होती. मी बघितली, पाहुण्यांनी बघितली, एकाने फोटोही काढलेत. आठवडाभर हात लागला नसता तर आत्ताही ती तशीच पडली असती. कुणीतरी भरती असताना ती सोडली आणि पाणी वर असतानाच परत बांधली. घाईत कुलूप साखळीच्या जवळच्याच कडीत घातलं, साखळी आखूड राहिली. पाणी उतरलं तशी ती टांगली गेली. कुलूप मोडलेलं नाही आणि किल्ली एकच आहे."

भाचीने मान फिरवली. "सर?"

"भिंतीच्या कडेने संग्रहालयाची मागची खिडकी इथून वल्ह्याच्या फार तर दहावीस हातांवर," आत्या पुढे म्हणाली. "रस्त्यावरून ती बाजू दिसत नाही. कडी काल संध्याकाळी तुम्ही बंद करताना काढून ठेवली. घंटा कमानीतच, होडीतून हात पोचतो. आज तुम्हाला उठताही येत नाही, तेही त्याच उद्योगाने. हे सगळं कळलं तरी मला एक कळत नव्हतं. जी वस्तू तुम्ही इतकी वर्षं जिवापाड सांभाळली, ती तुम्ही कशाला चोराल? मग जुन्या वस्तूंच्या दुकानदाराशी बोलले. तुम्हाला ती घंटा नकोच होती. उद्या येणाऱ्या माणसांनी तिची आतली कड बघू नये, एवढंच हवं होतं."

आतून कपांचा आवाज येत होता. सर त्या आवाजाच्या दिशेने बघत होते. सूनबाई बाहेर येईल आणि हे ऐकेल, याची त्यांना भीती वाटत असावी.

"भंगारातली आहे," ते हळूच म्हणाले. "दुसऱ्याच जहाजाची. नाव मी कोरून घेतलं, लांबच्या गावात जाऊन."

"का?" भाचीचा आवाज फुटला. "सर, का?"

"तू तेव्हा जन्मली नव्हतीस. पहिल्या वर्षी ती माणसं आली आणि धक्क्यावर नुसती उभी राहिली. कुणाला कुठे बघायचं तेच कळेना. एकाने पाण्याकडे बघितलं, एकाने कचेरीच्या भिंतीकडे. हात टेकवायलाही काही नव्हतं. मी मदत समितीचा चिटणीस. घंटा वर काढू, असं मी सगळ्यांना सांगून बसलो होतो." ते थांबले. "एका वर्षापुरतं म्हणून केलं. मग दुसऱ्या वर्षी ते पोरंबाळं घेऊन आले."

"आणि आज मला पोलिसांनी धरलं," भाची म्हणाली.

"ते माझ्या डोक्यातच आलं नाही गं. देवाशपथ. मला वाटलं, चोर म्हणतील, कुणी बाहेरचा म्हणतील. चार दिवस बोलतील आणि विसरतील."

"मला चौकीवर बोलावल्याचं कळल्यावर?"

सरांनी किल्लीचा दोरा पुन्हा सदऱ्यात सारला. भाचीने ते पाहिलं आणि ती ओटीच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

"घंटा कुठे आहे?" आत्याने विचारलं.

"खाडीच्या मधोमध. खोल पाण्यात."

सूनबाई चहा घेऊन बाहेर आली. तीन कप होते. आत्याने एक उचलला, कारण त्या बिचारीला काहीच माहीत नव्हतं. चहा झाल्यावर सूनबाई कप घेऊन आत गेली. मग आत्या म्हणाली, "तुम्ही म्हणालात ना, उद्या स्वतः चौकीवर जातो. उद्या नको. आत्ताच जाऊ. मी बरोबर येते."

सरांनी काठी शोधली. ती खुर्चीमागेच होती, पण त्यांना सापडायला वेळ लागला.

६

दुसऱ्या दिवशी पाणबुड्यांनी घंटा वर काढली. धक्क्यावर पोत्यावर ठेवली तेव्हा ती अजून गळत होती. राजधानीहून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी ती उपडी करून आतून टॉर्च मारला, वाकून बघितलं आणि टॉर्च बंद केला. त्यांना काही विचारायची गरज पडली नाही.

सर बाकावर बसले होते. शेजारी एक शिपाई होता, जरा अंतर राखून, जणू योगायोगानेच तिथे बसल्यासारखा. इन्स्पेक्टरने भाचीपाशी येऊन "माफ करा" म्हटलं. घाईत म्हटलं, पण म्हटलं. भाचीने मान डोलावली. ती रात्रभर झोपलेली दिसत नव्हती.

गर्दी जमली. लाँचवाला, तिकीटबाई, दुकान बंद करून आलेला दुकानदार. कुणी सरांची बाजू घेत होतं. चांगल्यासाठीच केलं ना, कुणाचं वाईट तर केलं नाही, असं. कुणी म्हणत होतं, एवढी वर्षं आपल्याला येड्यात काढलं. आवाज वाढायला लागले आणि एकदम थांबले. नर्सबाई आल्या होत्या. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी होती.

मुलगी पोत्यावरच्या घंटेपाशी थांबली. तिने वाकून हात पुढे केला, मग मागे घेतला आणि ओढणीला पुसला. हात ओला झालाच नव्हता.

नर्सबाई घंटेकडे गेल्या नाहीत. त्या सरळ बाकापाशी गेल्या. सर उठून उभे राहिले, गुडघा न सांभाळता.

"मला माफ..."

"थांबा. मी विचारते तेवढंच सांगा." नर्सबाईंचा आवाज वॉर्डात वापरत असतील तसा होता, ना चढा ना मऊ. "तेव्हा पाणबुडे उतरले होते, ते तरी खरं का? की तेही नाही?"

"उतरले होते," सर म्हणाले. "पुष्कळ दिवस. मी स्वतः होडीत असायचो. जिवाचं रान केलं त्यांनी. नाही सापडली."

नर्सबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"मग तेव्हा आम्हाला तेवढंच सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या.

त्यांनी मुलीचा हात धरला आणि गर्दीने बाजूला होऊन दोघींना वाट करून दिली.